चार वाजताची सभा

"सभेला किती जण होते?" अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"दोघं."

"एक तू. दुसरं कोण?"

प्रीतम मगदूमचा श्वास अजून खाली बसला नव्हता. सगळी टेकडी तो एका दमात चढून आला होता. मांडीवर कापडात गुंडाळलेली एक जाड वही होती आणि तिच्यावर त्यानं दोन्ही हात दाबून धरले होते.

"काका," तो म्हणाला.

"बाळगोंडा?"

"हो."

"बाळगोंडाला जाऊन किती दिवस झाले?"

"सात महिने."

"आणि सभा?"

"...गेल्या महिन्यातली."

अण्णा ताटातले पूजेचे तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, नखावर धरून पाहिला, बाजूला ठेवला. 

नेमगोंडा उपाध्ये त्यांचं नाव, पण सांगलीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी कंपन्यांचे कागद केले. कुणाला कंपनी काढायची असली की नाव मंजूर करून आणण्यापासून सुरुवात त्यांच्याकडे, आणि कुणाची बुडाली की तिचं नाव सरकारी यादीतून काढायचं तेही त्यांच्याकडेच. "साडेतीनशे कंपन्या जन्माला घातल्या मी," असं ते म्हणायचे, "पण रस्त्यात भेटली तर एकही ओळख दाखवायची नाही."

एक दिवस त्यांनी ऑफिसची किल्ली मालकाला परत केली आणि या टेकडीवरच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, येऊन राहिले. एक वेळ जेवायचं, अनवाणी चालायचं, पूजेचे तांदूळ निवडायचे. कायद्याचं कुणी काही विचारलं तर हात जोडायचे.

प्रीतम त्यांचा शेवटचा शिष्य. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली राबला होता. कलम विचारा, तारीख विचारा, फॉर्मचा नंबर विचारा, सगळं तोंडपाठ. पोरगं हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलेलं.

तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची कंपनी काढली. हळदीची. खासगी कंपनीला निदान दोन संचालक लागतात. एक तो स्वतः आणि दुसरे त्याचे चुलते, बाळगोंडा मगदूम. जागा काकांची होती. कृष्णेच्या काठाला त्यांची सहा पेवं होती. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली खोल विहीरच म्हणा ना; तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र घर मावेल. पुराचं पाणी शिरल्यापासून ती रिकामी पडली होती.

कंपनीचा दाखला आला त्या दिवशी प्रीतमनं काकांच्या हातात बोटाएवढी एक वस्तू ठेवली. कॉम्प्युटरला लावायची डिजिटल सहीची किल्ली. जीएसटीच्या नोंदणीत अधिकृत सही काकांचीच होती.

"ह्यात माझी सही हाय?" काकांनी विचारलं होतं.

"हो काका."

"मी नसलो तरी हुईल?"

प्रीतम हसला होता. "किल्ली असली की झालं."

काका हसले नव्हते.

"विवरणपत्रं?" अण्णांनी आता विचारलं.

प्रीतमची मान आपोआप ताठ झाली. "एकही उशिरा नाही, अण्णा. जीएसटी, आयकर, रजिस्ट्रारचं वार्षिक, सगळं तारखेच्या आत. तीन वर्षांत एक नोटीस नाही. तुमच्याकडे शिकलोय."

"आणि संचालक वारला हे रजिस्ट्रारला किती दिवसांत कळवायचं असतं?"

"तीस."

"कळवलंस?"

वाऱ्यानं बस्तीच्या दारावरचं तोरण हललं. प्रीतम तिकडे बघत राहिला.

"का नाही?"

"पद्मजाताई आडवी आली असती."

पद्मजा म्हणजे काकांची एकुलती लेक, इस्लामपुरात शिक्षिका. काकांच्या माघारी त्यांचे शेअर काकूकडे आणि तिच्याकडे गेले असते आणि तिनं संचालकाची खुर्चीही मागितली असती. प्रीतमला पेवं भराव घालून बुजवायची होती. वर काँक्रीट, त्यावर दळपाची आणि पॅकिंगची मशिनं. काका जिवंत असेपर्यंत नाहीच म्हणत राहिले. "रिकामं पेव बी मोकळं नसतंय," एवढंच बोलायचे आणि उठून जायचे. ताईही नाहीच म्हणाली असती.

म्हणून प्रीतमनं काकांना कागदावर जिवंत ठेवलं. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे कंपनीच्या सभांची नोंद ठेवायच्या याच जाड वहीत, सभा लिहिल्या. हजर : बाळगोंडा मगदूम, प्रीतम मगदूम. कोरम पूर्ण. ठराव एकमतानं मंजूर.

"लिहिलं आणि झालं," अण्णा म्हणाले. "मग आज इतका पळत का आलास?"

प्रीतमनं कापड सोडलं. वही पुढे सरकवली.

"तुम्हीच वाचा."

"चष्मा नाही. तू सांग."

त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज त्याचा राहिला नाही.

पहिल्या सभेला काही झालं नाही. दुसरी सभा त्यानं लिहिली, कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली खिशात. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर ठरावाच्या खाली एक ओळ जादा होती. 'श्री. बाळगोंडा मगदूम यांचा विरोध.'

"अक्षर?"

"काकांचं. ते शिरोरेघ देत नव्हते, अण्णा. शाळा सुटल्यापासून कधी दिली नाही. ती ओळही तशीच, बोडकी."

"मग?"

"मला वाटलं हिशेबनीस मस्करी करतोय. त्याला कामावरून काढलं. कुलूप बदललं. तिसरी सभा लिहिली... त्यातही तेच. विरोध. तरी मी चौथी लिहिली. भराव टाकायचं काम ठेकेदाराला द्यायचा ठराव. तिथंही विरोध. पण त्या वेळी शाई ओली होती. बोटाला लागली."

त्यानं उजवं बोट पुढे केलं. बोट स्वच्छ होतं. तरी त्यानं ते पँटला पुसलं.

"आणि आज?"

"आज सकाळी मी काही लिहिलं नव्हतं. सभा ठेवलीच नव्हती. नुसती वही उघडली..."

तो थांबला.

"पाचवी सभा लिहून तयार होती. आजची तारीख. वेळ दुपारी चार. हजर : बाळगोंडा मगदूम. गैरहजर : प्रीतम मगदूम. खाली लिहिलंय, कोरम पूर्ण."

अण्णांची बोटं तांदळात थांबली.

"एका नावावर कोरम होत नाही, अण्णा! कलम आहे तसं. निदान दोन लागतात."

"एवढंच खटकलं तुला?"

प्रीतम अगदी हळू म्हणाला, "गैरहजर म्हणजे काय? चार वाजेपर्यंत मी... मला काही होणार आहे का? म्हणून ऑफिसात थांबलो नाही. बायकोलाही सांगितलं नाही. सरळ इकडे आलो."

बस्तीच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते.

अण्णांनी ताट बाजूला केलं. उठले. कोपऱ्यातून दोन चटया आणल्या आणि ओसरीवर समोरासमोर अंथरल्या. एकीकडे बोट दाखवलं.

"बस."

"आणि ही दुसरी?"

"सभा आहे ना चार वाजता?"

"अण्णा, नको."

"वेळ आणि तारीख लागली की सभा घ्यावी लागते. मीच शिकवलंय तुला."

प्रीतम चटईच्या काठावर बसला. समोरची चटई नवी होती, तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. अण्णा दोघांच्या मधे, जरा मागे, भिंतीला टेकून बसले. वही त्यांनी मांडीवर घेतली.

खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला. पाखरं मघाशी ओरडत होती ती कधी थांबली ते प्रीतमला कळलं नाही. कुठूनसा ओलसर, बंद जागेचा वास आला. झाकण नुकतंच उघडलेल्या पेवातून येतो तसा. टेकडीवर, भर उन्हात.

घड्याळानं चार ठोके दिले.

"बाळगोंडा मगदूम," अण्णांनी हाक मारली.

ओसरीवर काहीच हललं नाही.

अण्णांनी कान किंचित कलता केला. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तसा. मग मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले. आणि वहीत एक खूण केली.

समोरच्या चटईची एक घडी मोडली होती. मघापासून मोडलेली होती की आत्ता मोडली, हे प्रीतम छातीवर हात ठेवून सांगू शकला नसता.

"प्रीतम मगदूम."

"हजर."

अण्णांनी मान वर केली नाही. थोडं थांबले.

"प्रीतम मगदूम."

"हजर, अण्णा."

पुन्हा तेच. ऐकूच आलं नसावं तसे ते थांबून राहिले. पेन कागदावर टेकलेलं होतं, पण खूण करत नव्हतं.

"प्रीतम मगदूम."

"अहो, हा काय समोर बसलोय मी! हजर!"

"कोण?"

"मी. प्रीतम."

"बाळगोंडा गेला तो दिवस कुठला?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "वीस तारीख," तो म्हणाला.

"त्या दिवशी तू कुठं होतास?"

"घरी. म्हणजे... सकाळी घरी होतो."

"नंतर?"

"वीस तारीख होती, अण्णा."

"ते सांगितलंस."

"जीएसटीच्या विवरणपत्राची शेवटची तारीख. दंड बसला असता. तीन वर्षांत एकदाही..." तो अडखळला. समोरच्या चटईकडे त्यानं चुकून पाहिलं आणि नजर काढून घेतली. "काका जेवून झोपले ते उठलेच नाहीत. काकूनं हाक मारली. डॉक्टर येऊन गेले. पाहुण्यांना फोन गेले. ताई इस्लामपूरहून निघाली होती, तिची वाट बघत त्यांना घराच्या पुढच्या सोप्यात ठेवलं होतं. डोक्याशी दिवा लावला होता. सगळे बसले होते."

"आणि तू?"

"मी ऑफिसात गेलो. म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे. ड्रॉवरमधून किल्ली काढली. लावली."

"कुणाची?"

प्रीतम चटईची कड कुरतडायला लागला.

"कुणाची किल्ली, प्रीतम?"

"काकांची. त्यांची सही केली. ते तिकडे सोप्यात... आणि मी इकडे त्यांची सही करत होतो. विवरणपत्र दाखल झालं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. मला बरं वाटलं, अण्णा. खरं सांगतो. ती हिरवी खूण बघून मला बरं वाटलं."

अण्णांनी कागदावरचं पेन उचललं.

"परत आलो तोवर ताई पोचली होती. तिनं विचारलं, कुठं होतास? मी म्हटलं, सामान आणायला. चौघांनी खांदा दिला, त्यात मी होतो. पण मी नव्हतो. डोक्यात चाललं होतं की आता संचालक एकच उरला, काय करायचं, काय करायचं... स्मशानातच ठरवलं मी. कळवायचंच नाही. चिता पेटली, सगळे रडले. मला रडूच येईना. अजून आलं नाही."

बोलता बोलता त्याचा चेहरा वाकडा झाला होता. लहान मुलाचा होतो तसा.

"प्रीतम मगदूम," अण्णांनी हाक मारली. चौथ्यांदा. या वेळी फार हळू.

त्यानं तोंड उघडलं. 'हजर' हा शब्द त्याला म्हणता येईना.

"मी नव्हतो तिथं," तो म्हणाला.

आणि मग रडला. सात महिने साठलेलं एकदम बाहेर आलं. चटईवर कपाळ टेकवून, खांदे गदगदा हलवत. अण्णांनी त्याला हात लावला नाही, गप्प राहा म्हणाले नाहीत. एकदा फक्त समोरच्या चटईकडे बघून त्यांनी हात किंचित वर केला, थांब म्हणतात तसा.

बऱ्याच वेळानं प्रीतम उठून बसला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"पानं फाडू का, अण्णा?"

"फाडता येतात?"

"नाही. पानांना नंबर आहेत. खाडाखोडही चालत नाही."

"मग?"

"खाली लिहावं लागेल. जे झालं ते. खोटी माहिती दिली म्हणून दंड होईल. खटलाही होईल कदाचित. तुरुंगाची तरतूद आहे त्या कलमात."

"आहे."

"तुम्ही काही..."

"मी तांदूळ निवडतो."

प्रीतमनं वही ओढून घेतली. पाचव्या सभेचं पान उघडलं. ती बोडकी अक्षरं तिथं तशीच होती. गैरहजर हा शब्दही. त्यानं त्या ओळींना हात लावला नाही. त्यांच्या खाली, आपल्या अक्षरात, शिरोरेघ देऊन लिहायला लागला. 'संचालक श्री. बाळगोंडा मगदूम वारले असून...'

वारले या शब्दाशी पेन थांबलं. सात महिन्यांत त्यानं हा शब्द एकाही कागदावर लिहिला नव्हता. काकांच्या उत्तरकार्याच्या पत्रिकेचा मजकूरसुद्धा मेहुण्याला लिहायला लावला होता.

मग लिहिला. तारीख लिहिली. मागच्या चारही सभा झाल्याच नाहीत, त्या मी एकट्यानं लिहिल्या, असं लिहिलं. सही केली. पेनानं.

फोन काढला. पद्मजाचा नंबर लावला. शाळा सुटण्याची वेळ असावी. मागे पोरांचा गलका होता.

"ताई, मी प्रीतम."

"बोल."

त्यानं सगळं सांगितलं. गलका लांब गेला; ती कुठंतरी आडोशाला गेली असावी.

"चार सभा घेतल्यास?" तिनं शेवटी विचारलं.

"लिहिल्या."

"बाबा हजर होते?"

"...तसं लिहिलं."

"मग बाबा काय म्हणाले?"

ती टोचून विचारत होती की खरंच विचारत होती, हे त्याला समजलं नाही. त्यानं खरं तेच सांगितलं.

"चारपैकी तीनदा विरोध केला."



"केलाच असता त्यांनी," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "उद्या येते मी. रजिस्ट्रारकडे जायचं ते दोघं जाऊ. आणि प्रीतम, पेवाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

पुढे व्हायचं ते झालं. दंड भरावा लागला, चकरा माराव्या लागल्या, एका अधिकाऱ्यासमोर प्रीतमला तासभर उभं राहावं लागलं. तुरुंग टळला. काकांच्या जागी पद्मजा संचालक झाली. सहा पेवांचं काय करायचं यावर दोघांची अजून दर सभेत भांडणं होतात, आणि ती तशीच्या तशी प्रोसिडिंगमध्ये उतरतात. हिशेबनिसालाही प्रीतमनं हात जोडून परत बोलावलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी पाच वाजायला आले होते. पाखरं पुन्हा ओरडायला लागली होती. तो ओलसर वास कुठं गेला होता कुणास ठाऊक. प्रीतमनं वही कापडात गुंडाळली, अण्णांच्या पाया पडला. बरेच दिवस उपास करून उठलेल्या माणसासारखं त्याला हलकं वाटत होतं.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार."

"ते कोण लिहीत होतं?"

अण्णांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं होतं. एक दाणा इकडे, एक दाणा तिकडे.

प्रीतम वाट बघून बघून वळला. ओसरीच्या टोकाशी पोचला, तेव्हा मागून हाक आली.

"प्रीतम..."

त्यानं वळून पाहिलं. अण्णांची नजर त्याच्यावर नव्हती. त्याच्या डाव्या खांद्याशेजारी, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, ती स्थिर झाली होती.

"सावकाश जा. काकांना उतरताना हाताचा आधार लागतो."